बेळगाव ते बांबोळी : अनमोड घाटातून भरलेली गाडी आणणाऱ्यांसाठी

रस्ता असा: बेळगाव, खानापूर, लोंढा, रामनगर, अनमोड, मोले, फोंडा, जुने गोवे, बांबोळी. जुना ४ए महामार्ग, आताचा ७४८. जुन्या मोजणीप्रमाणे बेळगाव ते पणजी १५३ किलोमीटर, त्यातले ८२ कर्नाटकात आणि ७१ गोव्यात. फेरी नोव्हेंबरच्या अखेरीस झाली. रस्ता कोरडा, तीन स्टॅलियन, म्हणजे फौजेच्या मालवाहू गाड्या, तिन्ही भरलेल्या. पहाटे साडेपाचला सुटलेल्या गाड्या थांबे धरून दुपारी साडेबाराला कॅम्पाच्या गेटवर लागल्या. एमटीतल्या, म्हणजे युनिटच्या वाहन विभागातल्या, ज्या पोरांना हा रस्ता पहिल्यांदा मिळणार आहे, त्यांनी एवढं वाचून निघावं.

लोड आदल्या संध्याकाळी

स्टॅलियनला कच्च्या रस्त्यावर ५ टन आणि डांबरी रस्त्यावर साडेसात टन चालतात. अनमोड डांबरी असला तरी पाचच धरा. चढ असता तर इंजिनाने ओढलं असतं. इथे उतार आहे, आणि उतारावर जादा अडीच टन ब्रेकच्या ड्रमवर येतात. डिझेलचं २०० लिटरचं भरलेलं बॅरल साधारण १९० किलोचं, म्हणजे २६ बॅरलांत पाच टन झाले. बॉडीत जागा उरलेली दिसते म्हणून आणखी चार चढवायचा आग्रह होतो. तो मानू नका. जागा मोजायची नसते, वजन मोजायचं असतं.

बॅरल उभी, बूच वर, पहिली रांग केबिनमागच्या भिंतीला भिडवून. पुढे वीतभर जरी फट राहिली तरी करकचून ब्रेक लागल्यावर सगळा लोड तेवढं अंतर धावून येतो आणि भिंत वाकवतो. मागे जागा उरली तर आडवी फळी ठोकून मग दोर घ्या.

पहिला वाद इथेच होतो. भरणारा डेपोचा, बांधणारी लोडिंग पार्टी, आणि वाटेत दोर सैल पडला की नाव ड्रायव्हरचं. म्हणून सही करण्याआधी स्वतः वर चढा आणि प्रत्येक दोर पायाने दाबून बघा. ताडपत्रीवरच्या दोराचं टोक चाकाकडे लोंबत नाही ना, तेही पाहा. निघाल्यावर पंचवीसेक किलोमीटरवर खानापूरला पुन्हा सगळे दोर आवळावे लागतात. नवा दोर ताण खाऊन लांबतो, रेशनची पोती हादऱ्यांनी खाली बसतात. हा थांबा चुकवला तर पुढची गाठ घाटातच सुटते.

फर्स्ट परेड

ही निघण्याआधीची तपासणी. तेल, पाणी, फॅन बेल्ट, टायर, लाइट हे सगळे करतात. ब्रेकच्या हवेची एअर टाकी बरेच जण विसरतात. टाकीखालचा ड्रेन कॉक रोज सकाळी उघडा. हवा दाबली की तिच्यातली वाफ पाणी होऊन टाकीत साचते, आणि गोव्याच्या दमट हवेत ती बेळगावपेक्षा जास्त साचते. हे पाणी व्हॉल्व्हमध्ये गेलं की गंज धरतो आणि ब्रेक सुटायला उशीर करतो. कॉकखाली तळहात धरा. नितळ पाणी आलं तर ठीक. पांढरट, दुधाळ, बोटाला बुळबुळीत लागणारं आलं तर कॉम्प्रेसर तेल फेकतोय. गाडी चालेल, पण ते लिहून द्यायचं.

मग इंजिन चालू करून प्रेशरचा काटा लाल पट्ट्याच्या पूर्ण बाहेर येऊ द्या. इंजिन बंद करा, ब्रेक दाबून धरा आणि मिनिटभर काटा बघत कान लावून बसा. काटा सरकत असेल तर कुठेतरी फुस्स ऐकू येतंच. साबणाचं पाणी जोडांवर लावा, बुडबुडे जागा दाखवतात.

चाकाखाली लावायचे लाकडी गुटके चार घ्या. दोन घेऊन निघणारे बरेच असतात, आणि उतारावर चाक बदलायची वेळ आली की त्यांना दगड शोधत फिरावं लागतं.

कोणाचं काम मोठं

पलटणीची गाडी पलटणीचाच जवान चालवतो. ती फर्स्ट लाइन. तिच्यामागे रसद, तेल, दारूगोळा घेऊन येणारी एएससीची, म्हणजे फौजेच्या रसद दलाची, गाडी म्हणजे सेकंड लाइन. बिघडलेली गाडी जाते ईएमईच्या, म्हणजे दुरुस्ती दलाच्या, क्राफ्ट्समनकडे. रस्ता आणि पूल सॅपर्सचे, म्हणजे फौजी इंजिनिअरांचे. पलटणवाला एएससीच्या ड्रायव्हरला म्हणतो, तुम्ही मागे राहणारे. एएससीवाला म्हणतो, तुमची गाडी महिन्यात जेवढी फिरते तेवढी आमची आठवड्यात फिरते. आणि क्राफ्ट्समन दोघांना एकच ऐकवतो: क्लच जळत नसतो, जाळला जातो.

व्हॉलीबॉलच्या मैदानावर ही चुरस असावी. गाडी कोणाची चकचकीत, यावरही असावी. पण बिघाडाच्या नोंदीत ती शिरली की माणसं मरतात. आपल्यावर येईल म्हणून ड्रायव्हर बिघाड लपवतो. क्राफ्ट्समन आधी ‘कोणी केलं’ विचारतो, मग ‘काय झालं’. तोवर गाडी दुसऱ्याच्या नावावर सुटलेली असते.

क्लचचं भांडण तरी डोळ्यांनी मिटतं. हौसिंग उघडल्यावर प्लेटचं अस्तर सुकं आणि सगळीकडे सारखं झिजलेलं असेल, फ्लायव्हीलवर निळे डाग असतील, तर पाय क्लचवर ठेवून गाडी चालवली आहे. चढावर हाफ क्लचवर गाडी तोलून धरली की असंच होतं. ती चूक ड्रायव्हरची, आणि त्याने ती मान्य करावी. अस्तर ओलं, काळं, तेलकट असेल तर मागच्या सीलमधून तेल उतरलंय. तिथे ड्रायव्हरचा पाय निर्दोष आहे. दोघांनी मिळून प्लेट बघायची, दोघांनी मिळून कारण लिहायचं. आमच्या अनुभवात या पाच मिनिटांनी जेवढी तेढ मिटते तेवढी साहेबांच्या भाषणाने मिटत नाही.

बेळगाव ते अनमोड

सपाटीला ताशी ४० पुरे. खानापूरच्या अलीकडे गणेबैलचा टोल नाका लागतो. ड्यूटीवरच्या फौजी गाडीला टोल नाही, ही सूट १९०१ च्या कायद्यापासूनची आहे. तरी ड्यूटीचा कागद वरच्या खिशात ठेवा. नंबर प्लेटवरचा बाण पुरेसा असतो, पण नाक्यावरचा मुलगा नवा असला तर वाद घालण्यापेक्षा कागद दाखवणं लवकर आटोपतं. लोंढ्यानंतर जंगल सुरू होतं, फोनची रेंज येते-जाते. तिन्ही गाड्यांनी कुठे भेटायचं ते त्याआधीच ठरलेलं असावं.

अनमोडला थांबा घ्याच. थकवा असो नसो. हा थांबा ब्रेकसाठी आहे: ड्रम गार होऊ द्यायचे आणि गिअर कोणता ते ठरवायचं.

घाट

गाडी ज्या गिअरमध्ये हा घाट चढली असती त्यातच उतरवायची. शंका असेल तर एक गिअर खाली. गिअर वरून लावून या. उतारावर मध्येच खालचा गिअर टाकायला गेलात आणि तो लागला नाही, तर गाडी न्यूट्रलमध्ये आणि पाच टन मागून ढकलताहेत. एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे धुराची वाट अडवून इंजिनानेच गाडी रोखणारा ब्रेक, सुरुवातीपासून लावा.

ब्रेकवर पाय टेकवून ठेवू नका. वेग ठरवलेल्या मर्यादेला पोचला की एकदा घट्ट दाबा, ताशी सात-आठ किलोमीटर उतरू द्या, पाय पूर्ण सोडा. परत वेग वाढला की परत तसंच. पाय टेकवून उतरणाऱ्याचा ड्रम तापून फुगतो, अस्तरापासून लांब जातो, अस्तराची पकडही तापल्यावर कमी होते. पेडल खाली जात राहतं, गाडी मात्र थांबत नाही. जळका वास आला की पुढच्या रुंद जागी गाडी लावायची, मोले गाठायचा हट्ट नको. भराभर पंपिंगही करू नका, प्रत्येक दाबाला टाकीतली हवा जाते.

या घाटात काळ्या प्लेटवर पिवळे आकडे असलेल्या भाड्याच्या गाड्या फार. माकडं दिसली की त्या वळणावरच थांबतात, मागे ट्रक आहे हे त्यांच्या गावीही नसतं. दोन फौजी गाड्यांत अंतर भरपूर ठेवा. मध्ये त्या घुसतील, घुसू द्या.

पावसाळ्यात हे गणित बदलतं. दरड येते, कडा खचते, जड वाहनांना घाट बंद होतो. निघण्याच्या आदल्या रात्री आणि निघताना असं दोनदा विचारा. पर्याय आंबोली, सावंतवाडी, पत्रादेवी. आंबोलीतही दरडी येतातच, पण पुढे ६६ नंबरच्या महामार्गावर रस्ता मोठा मिळतो. चोर्ला घाट जवळचा दिसतो म्हणून भरलेली गाडी तिकडे वळवू नका. वळणं अरुंद आहेत आणि जड वाहनांवर निर्बंध असतात.

मोले

घाट संपतो तिथे चेक पोस्ट आणि थांबा. हँडब्रेक लावू नका. ड्रम तापलेले असताना आवळून ठेवले की गार होताना वाकतात किंवा तडकतात. सपाट जागा, गिअर, चारही गुटके. ड्रमवर पाणी मारणारे अजून दिसतात. लाल तापलेल्या तव्यावर पाणी टाकण्यातला तो प्रकार आहे, ड्रम चिरतो.

हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, तपासताना हात लावू नका, तळहात चार बोटं लांब धरून एकेका चाकापाशी फिरा. सगळे सारखे तापलेले असणं बरं. एकच जास्त तापलेला असेल तर ब्रेक धरून बसलाय किंवा बेअरिंग जातंय. आणि एक गार लागला तर खूश होऊ नका: त्या चाकाला ब्रेकच लागत नाही, त्याचा भार बाकीच्यांनी उचलला. या फेरीत मधल्या गाडीचा मागचा डावा हब उजव्यापेक्षा जास्त तापलेला निघाला. ब्रेक चेंबरची स्प्रिंग सुस्त होती, ब्रेक पूर्ण सुटत नव्हता.

जेवण पाळीने. नाक्यावर पातळ भाजी-पाव मिळतो, पोटाला हलका आणि वेळेत होतो. गाडीपाशी एक जण कायम. आणि परतीच्या फेरीत कोणी ‘सीटखाली दोन बाटल्या टाक रे’ म्हणाला, मग तो आपल्या युनिटचा असो की दुसऱ्याच्या, सरळ नाही म्हणा. नाक्यावर तपासणी झाली तर उत्तर ड्रायव्हरला द्यावं लागतं.

धारबांदोडा, खांडेपार

धारबांदोडा ते उसगाव तिस्क हा खाणींचा मुलूख. खनिजाच्या टिपरांची तांबडी धूळ काचेवर बसते. कोरडा वायपर फिरवला की काच कायमची ओरखडते, आधी पाणी मारा. पहिल्या पावसात हीच धूळ लोण्यासारखी निसरडी होते. साइडपट्टीवर चाक उतरलं तरच पुढचा ॲक्सल लावा, म्हणजे पुढच्या चाकांनाही इंजिनाचा जोर द्या, आणि डांबरावर आल्याबरोबर सोडा. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. मातीत चाक घसरून तो फरक भरून निघतो, डांबरावर निघत नाही, सगळा पीळ गिअरबॉक्सवर येतो. लिव्हर अडकला तर जोर लावू नका, गाडी सरळ रेषेत थोडी मागे घ्या, सुटतो.

खांडेपारच्या नदीवर आज मोठा पूल आहे, गाडी दोन मिनिटांत पार होते. इथे जरा हळू व्हा. डिसेंबर १९६१ मध्ये, गोवा मुक्तीच्या मोहिमेत, आपल्या ६३ ब्रिगेडच्या तुकड्या याच अनमोड-मोले रस्त्याने उतरल्या, लढाई अशी झालीच नाही, आणि तरी त्या इथे अडकल्या, कारण पोर्तुगीजांनी पूल उडवले होते. ४ शीख लाइट इन्फंट्रीचे जवान १९ तारखेला छातीभर पाण्यातून पलीकडे गेले आणि दुपारपर्यंत मडगावला पोचले. त्याच मोहिमेत २ पॅरा, म्हणजे मराठा पलटण, दुसऱ्या वाटेने फोंड्यावर आली. पाण्यातून चालत गेले त्यांचं नाव झालं, ते व्हायलाच हवं. पण छातीभर पाण्यातून रेशन, तेल आणि गोळ्यांच्या पेट्या जात नाहीत. त्या काठावर थांबतात, सॅपर्सची वाट बघत. कोणाचं काम मोठं हा वाद घालणाऱ्या नव्या पोरांना आम्ही हा काठ दाखवतो.

फोंडा ते बांबोळी

फर्मागुडीच्या चढाला कॉलेजची मुलं दुचाकीवर डावीकडून शिरतात, आरसा सतत बघा. म्हार्दोळ, कुंडई सरळ. भोमला रस्ता घरांच्या आणि देवळांच्या अगदी अंगाला लागून जातो. समोरून बस आली तर को-ड्रायव्हरला खाली उतरवा. त्याने मागे नव्हे, डाव्या आरशात दिसेल असं उभं राहायचं. तो दिसेनासा झाला की गाडी थांबवायची, अंदाजाने मागे घ्यायची नाही. ताडपत्रीच्या कमानीला वरच्या तारा आणि फणसाच्या फांद्याही इथेच लागतात.

बाणस्तारीचा पूल ओलांडला की जुने गोवे. २४ नोव्हेंबरपासून नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, ३ डिसेंबरला सेंट झेवियरचं फेस्त. या दिवसांत पहाटेपासून माणसं रस्त्याच्या कडेने चालत येतात. या फेरीतले पंचवीस मिनिटं तिथेच गेले. हॉर्न वाजवू नका, पहिल्या गिअरमध्ये निघा. पुढे कदंब बायपास, मेरशी, आणि डावीकडे ६६ वरून बांबोळी. फौजेच्या सिग्नल्स दलाचं केंद्र आणि गोवा मेडिकल कॉलेज इथेच, त्यामुळे रुग्णवाहिकांना वाट द्यावी लागते.

दाबोळीला नौदलाकडे माल द्यायचा असेल तर तसंच पुढे नव्या झुआरी पुलावरून. तिथून आलेली गाडी त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने खालून धुवा. खारी हवा ब्रेकचे पाइप आणि अर्थिंगची पट्टी खाते. बॅटरीच्या टोकांना पेट्रोलियम जेली लावा. २४ व्होल्टच्या गाडीत दोन बॅटऱ्या जोडलेल्या असतात, एकीचं टोक कुजलं तरी सेल्फ मरतो.

लास्ट परेड

ही फेरी संपल्यावरची तपासणी. जेवायला पळण्याआधी डिझेलची टाकी भरा. रात्री अर्ध्या टाकीत हवा गार होऊन पाणी धरते. एअर टाकी पुन्हा रिकामी करा. दोन चाकांमधले दगड काढा. मग कार डायरी, म्हणजे गाडीची नोंदवही. मधल्या गाडीची नोंद अशी झाली: ‘मागील डावा हब उजव्यापेक्षा गरम, मोले येथे तपासला, ब्रेक सुटण्यास उशीर, चेंबरची स्प्रिंग.’ खाली ड्रायव्हरची सही, शेजारी क्राफ्ट्समनची. स्प्रिंग दुसऱ्या दिवशी सकाळी बदलली आणि गाडी दुपारी, दुसऱ्या ड्रायव्हरच्या हाती, परत अनमोडच्या वाटेला लागली.