व्हीआरमधला नमस्कार जमवताना : माझा अनुभव

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी आम्ही व्हीआरमधले (व्हर्च्युअल रिॲलिटी, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट चढवून दिसणारं आभासी जग) इमोजी करत होतो. चौघं एका आभासी खोलीत, हाताने खूण केली की डोक्यावर इमोजी. अंगठा, टाळी, टाटा दोन दिवसांत झालं. नमस्काराने मात्र तीन आठवडे खाल्ले.

नागपुरात आमच्या कॉलेजात हेडसेट एकच, तोही लॅबच्या कपाटात कुलूपबंद. रोज नवा अर्ज, त्यावर विभागप्रमुखांची सही, आणि मिळणार चार ते सहा. सर मीटिंगमध्ये असले की दिवस गेला. अजूनही आठवलं की डोकं तापतं. अर्जावर सुरुवातीलाच आठवड्याच्या तारखा टाकून घ्या, मला हे फार उशिरा सुचलं.

त्या दोन तासांत अडायचं एकाच जागी. हेडसेटवरचे कॅमेरे बोटांचे सांधे पाहून हात ओळखतात. तळव्याला तळवा चिकटला की एक हात दुसऱ्याला झाकतो आणि दोन्ही गायब. ओळखण्याची अट सैल केली, तर टाळीलाही नमस्कार उमटायचा. नमस्कार सोडून द्या, असं दोघांनी सुचवलं. हात जोडलेला इमोजी 2010 पासून युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरं-इमोजींच्या जागतिक यादीत, आहे, आपण तो दिवसातून दहादा पाठवतो. तो वगळून मला प्रोजेक्ट द्यायचाच नव्हता.

एका संध्याकाळी कुलूप लावायला आलेल्या काकांना हेडसेट घातला. समोरचा अवतार (आभासी खोलीतला माणूस) बघून त्यांनी लगेच हात जोडले, मान किंचित झुकवली आणि तसेच थांबले. मग म्हणाले, "हात कुठं गेले बाप्पा?"

ते थांबणंच मला हवं होतं. टाळीत हात वेगाने येतात आणि लगेच सुटतात. नमस्कारात वेग कमी होत जातो. मग मी असं केलं : तळवे समोरासमोर, मधे चार बोटांचं अंतर, वेग मंदावलेला आणि त्यानंतर छातीपाशी हात दिसेनासे झाले, तर तो नमस्कार. शेवटचे दिसलेले हात जोडून तसेच ठेवायचे, पुन्हा सुटे दिसेपर्यंत.

इमोजी सपाट असेल तर तो बघणाऱ्याकडे वळता ठेवा, नाहीतर बाजूने नुसती रेघ दिसते. आणि हेडसेट खिडकीत ठेवू नका; भिंगातून ऊन आत गेलं तर आतला स्क्रीन जळतो, त्यात आपलं मे महिन्यातलं ऊन!

दुसऱ्या दिवशी सहाला काका आले, मी त्यांना पुन्हा हेडसेट घातला. त्यांनी हात जोडले. या वेळी हात दिसत राहिले.