ग्वाल्हेरचा शत्तारी सिलसिला सुमात्र्यापर्यंत कसा पोचला

तानसेनची कबर बघायला ग्वाल्हेरच्या हजिरा भागात आलेले पाहुणे हटकून भलत्याच इमारतीचे फोटो काढतात. सुमारे 100 फूट चौरस, दगडी जाळ्यांचा आणि कोपऱ्यांवर षट्कोनी बुरूज असलेला तो मकबरा 16व्या शतकातले शत्तारी सूफी संत शेख मुहम्मद गौस यांचा. तानसेन शेजारच्या छोट्या चौथऱ्यावर. तानसेन समारोहात ढोलीबुवांची हरिकथा आणि मिलाद (पैगंबरांच्या स्तुतीचं गायन) होतो, तो याच आवारात.

शत्तारी हा सूफींचा एक सिलसिला, म्हणजे गुरू-शिष्य परंपरा; ती मूळची इथली नव्हे. इराणी सूफी बायझीद बिस्तामींचा वारसा सांगणारे शाह अब्दुल्ला ती 15व्या शतकात हिंदुस्थानात घेऊन आले आणि 1485मध्ये मांडूला वारले. गौसांपर्यंत ती बिहारच्या शाखेतून आली.

गौसांचा ‘जवाहिर-ए-खम्सा’ हा ग्रंथ पाच भागांचा. गाजला तो तिसरा, ईश्वरनामांच्या आवाहनाचा. यात प्रत्येक अक्षराला अंक असतो: अलिफ 1, लाम 30 (दोनदा), हे 5, म्हणून ‘अल्लाह’चे 66. जपाआधी पथ्य ठरतं. नाव जलाली (ईश्वराचा प्रताप सांगणारं) असेल तर मांस, मासे, अंडी, मध बंद. जमाली (सौम्य, कृपाळू रूप सांगणारं) असेल तर लोणी, दही, मीठ बंद. ताईत करणाऱ्यांनी नेमका एवढाच भाग उचलला आणि बाकीचे चार भाग मागे पडले. ‘बहर-उल-हयात’ या दुसऱ्या ग्रंथात तर गौसांनी योगासनंही फारसीत आणली.

बाबर-हुमायूनशी गौसांच्या घराण्याचा घरोबा होता. पण माझ्या मते सिलसिला पसरला तो दरबारामुळे नाही, दरबार बुडाल्यामुळे. 1540मध्ये हुमायून हरला आणि गौसांना गुजरात गाठावं लागलं. तिथे त्यांच्या मेराजच्या (स्वर्गारोहणाच्या) दाव्यावरून विद्वान अली मुत्तकींनी त्यांच्याविरुद्ध फतवा दिला. अहमदाबादचे मोठे विद्वान वजीहुद्दीन अलवी मात्र गौसांचेच मुरीद (शिष्य) झाले. त्यांचे शिष्य भडोचचे सिबगतुल्लाह मदिनेत स्थायिक झाले आणि हजला येणाऱ्यांना दीक्षा देऊ लागले. याच मदिनेच्या शाखेत पुढे अहमद कुशाशींकडे अब्दुर्रऊफ सिंकिली शिकले. 1661च्या सुमारास ते सुमात्र्यातल्या आचेला परतले, आणि तिथून शत्तारी जावापर्यंत गेली.

गौसांच्या निधनाचं साल कुठे 1562 दिसतं, कुठे 1563. ते वारले ते हिजरी 970 हे वर्ष ऑगस्ट 1562च्या अखेरीस सुरू होतं आणि पुढच्या ऑगस्टात संपतं; महिना न बघता नुसतं हिजरी साल इसवी सनात बदललं की हा घोळ होतो.