खारकेची थंडी

थंडी पडली की नाही, यावर आमच्या घरात दरवर्षी मतभेद होतात. आईच्या मते थंडी आधी तिच्या गुडघ्यात पडते, मग नाशकात. बायको म्हणते, खोबरेल तेलाची बाटली घट्ट झाल्याशिवाय थंडी पडली असं म्हणायचं नाही. मी सकाळी उठून मोबाइलवर निफाडच्या तापमानाचा आकडा बघतो. आमची खारीक यातलं काहीच करत नाही. एके दिवशी ती हॉलमधल्या फरशीवरून उठते, अंग झाडते आणि स्वयंपाकघरात फ्रीजच्या मागे जाऊन मुटकुळं करून पडते. आमचा फ्रीज जुना आहे, मागे जाळी असलेला. तिथे कायम ऊब असते. तो दिवस आमच्याकडे हिवाळ्याचा पहिला दिवस.

खारीक म्हणजे आमची गावठी कुत्री. रंगावरून नाव पडलं. वजन १६ किलो, केस आखूड, कान एक उभा आणि एक विचारात पडलेला. पहिल्या वर्षी मी तिच्या थंडीचा फारच विचार केला. ऑनलाइन स्वेटर मागवला, लाल रंगाचा, पाठीवर बर्फाचे पांढरे तुकडे विणलेला. नाशिकच्या कुत्रीनं बर्फ कधी बघितलेला नाही हे तेव्हा सुचलं नाही. स्वेटर घातल्यावर खारीक हललीच नाही. अर्धा तास दिवाणखान्याच्या मधोमध पुतळ्यासारखी उभी. बायको म्हणाली, "आवडला वाटतं तिला." आवडला नव्हता. कपडा अंगावर चढला की बरीच कुत्री अशी थिजतात. मालकाला वाटतं, किती शहाण्यासारखी उभी राहिलीय!

दोन दिवसांनी तिनं स्वेटरशी तह केला आणि पहाटे तो घालून गवतात लोळून आली. दवानं स्वेटर ओलाचिंब. आईनं हात लावून बघितला आणि माझ्याकडे बघितलं. "तिच्या अंगावर केस आहेत ना, ते वाळतात तरी. हे ओलं फडकं तिला दिवसभर घालून ठेवणार आहेस का?" आईचं बरोबर होतं. कुत्र्याला ऊब मिळते ती केसांत अडकून राहिलेल्या हवेची. केस भिजले की ती हवा जाते आणि अंगातली उष्णता भराभर बाहेर पडते. वरून ओली लोकर म्हणजे कोरड्या उघड्या अंगापेक्षा वाईट.

पण आईचं दुसरं म्हणणं, की देवानं सगळ्याच कुत्र्यांना लोकर दिलेली असते, ते तितकंसं खरं नाही. जर्मन शेफर्ड किंवा लॅब्रॅडॉरच्या वरच्या केसांखाली आणखी एक मऊ दाट थर असतो. आमच्या समोरच्या इमारतीतल्या हस्कीला तर नाशिकचा जानेवारी म्हणजे पहिल्यांदा मोकळा श्वास घ्यायचा महिना. उलट सोलापूर-लातूरकडची कारवानी कुत्री बघा. शिडशिडीत, फासळ्या मोजाव्यात अशी, केस मखमलीसारखे आखूड. धावायला एक नंबर. अंगावर चरबी मात्र नावाला. त्यांना थंडी वाजते. पिल्लांना वाजते, म्हाताऱ्यांना वाजते, आजारातून उठलेल्यांना वाजते. खारीक या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी बसते.

आईला आणखी एक शंका कायम असते: खारकेला ताप आहे. कारण तिच्या पोटाला हात लावला की गरम लागतं. लागणारच. निरोगी कुत्र्याचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, मांजराचंही जवळपास तेवढंच. आपण ज्या आकड्याला रजा टाकून झोपतो, त्या आकड्यावर ही मंडळी चपला पळवतात. आणि थंडगार नाकाचा अर्थ काहीच नसतो, हे आईला पटवता पटवता माझं नाक थंड पडलं.

स्वेटर गेला, मग अंथरुणाचा प्रश्न आला. आमची फरशी थंडीत अशी गार पडते की अनवाणी चालताना माणूस आपोआप नाचतो. महागडी गादी आणली, ती खारकेनं तीन दिवसांत उसवली. शेवटी चाललं ते आजीच्या काळचं: एक ठेंगणी लाकडी चौकी, तिच्यावर गोणपाट, त्यावर जुन्या लुगड्याची गोधडी. जमिनीपासून वीतभर वर उचललं की निम्मी थंडी तिथेच थांबते. दाराच्या फटीतून येणारं वारं चुकवायला चौकी दोनदा हलवावी लागली. गरम पाण्याची पिशवी ठेवायचा मोह झाला होता, पण डॉक्टरांनी हटकलं. झोपलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याला चटका बसतोय हे कळायला वेळ लागतो आणि कातडी भाजलेली केसांखाली दिसतही नाही. ठेवायचीच तर जाड कपड्यात गुंडाळून, आणि बाजूला सरकायला जागा ठेवून.

बाकी थंडीची पथ्यं साधी. अंघोळ टाळायची, घालावीच लागली तर भर दुपारी, आणि टॉवेलनं कोरडं करून उन्हात बसवायचं. कोंडा झाला की ब्रश फिरवायचा. थंडीत भूक लागते म्हणून भाकरी वाढवायची, हे बाहेर राखण करणाऱ्या कुत्र्याला ठीक. फ्रीजमागे झोपणाऱ्याला वाढवली की फेब्रुवारीत दिसते, कमरेवर.

पाण्याचं मात्र सांगायलाच हवं, विशेषतः मांजरवाल्यांना. थंडीत मांजरं पाणी कमी पितात. बोक्याच्या लघवीची वाट आधीच अरुंद, त्यात लघवी दाट झाली की खडे धरतात आणि ती तुंबते. बोका मातीच्या ट्रेमध्ये पुन्हापुन्हा बसतोय, ताणतोय आणि काहीच होत नाही असं दिसलं तर सकाळपर्यंत थांबायचं नसतं. एकदोन दिवसांत जीव जातो. कोमट पाणी, ओलसर खाणं, घरात दोन-तीन ठिकाणी वाट्या, एवढ्यानं बराच फरक पडतो. आणि शिंका आल्या म्हणून पॅरासिटामॉलची पाव गोळीसुद्धा नाही. आपल्याला उतारा असलेली ती गोळी मांजराला विष आहे. मांजराचं यकृत ती पचवूच शकत नाही.

आता मी केलेल्या चुकीकडे येतो. मार्गशीर्षात आई डिंकाचे लाडू करते. डिंक तळायचा, खारका कुटायच्या, खोबरं भाजायचं, आणि आमच्या घरात बेदाणे सढळ हातानं, कारण बेदाणे काकांच्या घरचे असतात. मी डबा ओट्यावर उघडा ठेवून फोन घ्यायला गेलो. परत आलो तेव्हा चार लाडू गायब आणि खारीक मिशा चाटतेय. मला हसू आलं. खारकेनं खारीक खाल्ली, असा विनोदही मी केला. बायकोनं मात्र लगेच डॉक्टरांना फोन लावला आणि तिकडून पहिला प्रश्न आला, "बेदाणे होते का त्यात?"

द्राक्षं, मनुका, बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात, हे द्राक्षांच्या जिल्ह्यात जन्म काढून मला चाळिशीत कळलं. द्राक्षातलं टार्टरिक आम्ल यामागे असावं असं आता मानतात. अडचण अशी, की किती खाल्ल्यावर बाधेल याचा नेम नाही. एखादं मूठभर खाऊन शेपूट हलवत राहतं, एखादं थोडक्यात जातं. डॉक्टरांनी तासाभरात उलटी करवली, सलाईन लावलं, पुढचे तीन दिवस रक्त तपासलं. रिपोर्ट चांगले आले. काकांना सांगितलं तर ते म्हणाले, "आमचा वाघ्या बागेतच वाढलाय, पडलेले मणी खातो की." वाघ्याचं नशीब मोठं आहे, एवढंच मी म्हणू शकतो. आमचा लाडवांचा डबा आता वरच्या फळीवर असतो आणि लाडू मागणाऱ्या प्रत्येकाला स्टूल घ्यावं लागतं.

आमच्या सोसायटीत पाळलेल्यांपेक्षा न पाळलेली मांजरं जास्त. त्यांना थंडीत एक जागा फार आवडते: रात्री नुकत्याच आलेल्या गाडीचं इंजिन. खालून चढतात आणि आत अंग चोरून झोपतात. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी एका गाडीनं स्टार्टर मारला आणि जो आवाज आला तो ऐकलेला माणूस विसरणार नाही. पिल्लू वाचलं, शेपूट गेली. तेव्हापासून सकाळी साडेआठला आमच्या पार्किंगमध्ये एक वेगळाच कार्यक्रम असतो. जो तो आपल्या बॉनेटवर थापा मारतो, थोडं थांबतो, कान देतो. निवृत्त झालेले एक काका तर "उठा हो, ऑफिसला जायचंय" असंही म्हणतात. ज्यांची स्कूटर आहे तेही सवयीनं सीटवर थाप मारू लागलेत.

पौषात आम्ही खारकेला घेऊन काकांकडे जातो, निफाड तालुक्यात. इथली थंडी शहरातल्या थंडीसारखी गमतीची नसते. डिसेंबर २०१८ मध्ये निफाडचा पारा १.८ अंश सेल्सिअसवर उतरला होता; द्राक्षाच्या पानांवर दव गोठलं होतं. असा गारठा पडला की मणी तडकतात. म्हणून पहाटे बागेतून पाणी सोडायचं आणि बांधाबांधानं शेकोट्या पेटवायच्या. माणसं आणि जनावरं इथे एकाच चिंतेत जागतात. बैलांच्या पाठीवर गोणपाटाची झूल असते, वासराखाली कोरडं भुस्कट. गोठ्याला वाऱ्याच्या बाजूनं तरटाचे पडदे, पण वरची हातभर फट काका कधीच बंद करत नाहीत. सगळं बंद केलं तर मुताचा वास कोंडतो आणि गुरं खोकायला लागतात.

गेल्या खेपेला त्यांनी पन्नास पिल्लं आणली होती, कोंबडीची. पत्र्याचं गोल कडं, खाली तूस, वर बल्ब. मी मोबाइलवर शोधून सांगितलं की पहिल्या आठवड्यात ९५ फॅरनहाइट हवं आणि मग दर आठवड्याला पाच-पाचनं कमी. थर्मामीटर आणू का, असंही विचारलं. काका पिल्लांकडे बघत होते. "आरं, पिल्लंच सांगत्यात की. बल्बाखाली गोळा झाली तर गारठलीत. कडंला पळाली तर उकडतंय. सगळीकडं पांगून चरत्यात ना? मग राहू दे." त्यांनी बल्ब वीतभर वर ओढला आणि चहा घ्यायला गेले. मी मात्र तिथेच उकिडवा बसून राहिलो. लाल स्वेटर आठवला. फ्रीजमागची जागा आठवली. खारीक मला गेली चार वर्षं रोज काहीतरी सांगत होती. गारठली की ती एकेक पंजा उचलते, शेपटीखाली नाक खुपसते, फिरायला निघाल्यावर कोपऱ्यावरूनच मागे वळते. मी तेव्हा आकडा बघत असायचो.

त्या रात्री तिला आत घेतलं, तर ती दाराशी कुरकुरत बसली. उघडलं. वाघ्याबरोबर ती बागेकडे गेली. म्हटलं, जाऊ दे, हिलाच ठाऊक.

सकाळी सातला काका हसत आले आणि म्हणाले, "तुझी कुत्री बघ." छाटणीच्या काड्यांची रात्रभराची शेकोटी विझून राख निवाली होती, म्हणजे वरून निवाली होती, आत उबदार असणार. त्या राखेत खड्डा करून दोघं पाठीला पाठ लावून झोपली होती. खारीक नावाची कुत्री तिथे नव्हतीच. राखाडी रंगाचं काहीतरी होतं, त्यानं एक कान उभा केला, आम्हाला ओळखलं आणि पुन्हा डोळे मिटले.

गाडीत मागच्या सीटवर चादर अंथरली, तरी घरी पोहोचेपर्यंत आमच्या सगळ्यांच्या केसांत राख होती. आईनं दार उघडलं, तिच्याकडे बघितलं. मी म्हणालो, "अंघोळ नको घालायला, फार थंडी आहे." आई म्हणाली, "तिला नको. तू कर."

खारीक थेट स्वयंपाकघरात गेली. संक्रांतीपर्यंत आमच्या फ्रीजच्या मागची भिंत करडी होती.