पुसणे आणि पुसून टाकणे

शाळेची आठवण निघाली की माझ्या मनात सर्वप्रथम येतो तो ‘वाइप आउट’ या इंग्रजी क्रियापदाचा तास. नववीत असताना मी इंग्रजी निबंधात, वादळाने एक झाड ‘वाइप आउट’ केले, असे लिहिले होते. आमच्या इंग्रजीच्या सरांनी त्या वाक्याखाली लाल रेघ ओढली, मला पुढे बोलावले आणि हातात डस्टर देऊन फळा पुसायला सांगितले. मी पुसला, तरी आदल्या तासाची अक्षरे खडूच्या धुरकट खुणांमधून वाचता येत होती. “हे झाले वाइप,” सर म्हणाले. मग त्यांनी स्वतः ओले फडके फिरवले आणि फळा काळाभोर झाला. “हे वाइप आउट. आपण पुसणे आणि पुसून टाकणे यांत करतो तोच फरक.”

माझे झाड का चुकले, तेही त्यांनी समजावले. एकटे झाड उन्मळते, मोडते; ‘वाइप आउट’ होते ते बहुधा सगळेच्या सगळे: पीक, वस्ती, शिल्लक, एखादी साथ. सर्वनाम आले तर ते मधोमध बसते, म्हणजे ‘वाइप देम आउट’. ‘वाइप आउट देम’ नव्हे. एवढे व्याकरण त्यांनी दोन मिनिटांत आटोपले.

खरा वेळ दिला तो डोडोला. मॉरिशस बेटावरचा हा न उडणारा पक्षी सतराव्या शतकात नाहीसा झाला. सरांनी फळ्यावर दोन वाक्ये लिहिली: एकात डोडो ‘डाय आउट’ झाला होता, दुसऱ्यात माणसांनी आणि त्यांच्याबरोबर आलेल्या उंदीर-डुकरांनी त्याला ‘वाइप आउट’ केले होते. घटना एकच; पण पहिल्या वाक्यात पक्षी जणू आपणहून संपतो आणि दुसऱ्यात संपवणारा समोर उभा राहतो. कर्ता कोण, हे विचारल्याशिवाय क्रियापद निवडू नये, असे ते कळकळीने सांगत. हे क्रियापद नेहमी दुःखाचेच नसते, हे दाखवायला त्यांनी देवीच्या रोगाचे उदाहरण घेतले. लसीकरणाने तो जगातून ‘वाइप आउट’ झाला आणि १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तसे जाहीर केले.

आज अनुवाद हाच माझा व्यवसाय आहे. ‘वाइप्ड आउट’ समोर आले की ‘नष्ट’ हा शब्द चटकन सुचतो, पण मी तो लगेच लिहीत नाही. कर्ज असेल तर ते पार फिटलेले असते, रोगाचे समूळ उच्चाटन झालेले असते, दिवसभर राबलेला माणूस स्वतःविषयी बोलत असेल तर तो गळून गेलेला असतो. आणि प्राण्याची जात असेल तर मी ‘नामशेष’ लिहितो, कारण डोडोचे आता खरोखरच नाव तेवढे शेष आहे.