लामा कॅम्पातला पेशंट

मुंडगोडच्या तिबेटी वसाहतीला आसपासचे लोक लामा कॅम्प म्हणतात. तिथं आमचं डोळे तपासणीचं शिबिर होतं. दुपारी आमची ऑप्टोमेट्रिस्ट वैतागून आली. "सर, हा लामा शेवटची ओळसुद्धा न अडखळता वाचतोय, पण अक्षरं भलतीच सांगतोय."

मी तक्त्यावरच्या 'पी'वर बोट ठेवलं. "एर." 'एच'? "एन." 'सी'? "एस." शेजारचे वयस्कर भिक्खू हसायला लागले. पोरगा रशियाचा. घाईत त्याच्या तोंडून शाळेतली रशियन मुळाक्षरं निघत होती! नजर उत्तम होती. पोथी वाचायला बसलं की कपाळ दुखतं, ही खरी तक्रार.

थेंब घातले. बाहुल्या मोठ्या होईतो चहा आला आणि भिक्खू मोडक्यातोडक्या हिंदीत बोलू लागले. पोरगा काल्मिकियाचा, म्हणजे कॅस्पियन समुद्राकडचा. तिथले बौद्ध मठ १९४० पर्यंत झाडून बंद केले गेले. डिसेंबर १९४३ मध्ये तर स्टालिननं अख्खी जमातच मालगाड्यांत कोंबून सायबेरियाला धाडली. परतीची वाट १९५७ मध्ये खुली झाली. पोराच्या आजीचा जन्म सायबेरियातलाच.

सोव्हिएत राजवट गेल्यावर देवळं भराभर उठली. काल्मिकियाची राजधानी एलिस्ता, तिथलं मोठं मंदिर २००५ साली उघडलं, त्याच्या भोवती नालंदेच्या १७ पंडितांचे पुतळे आहेत. (नागार्जुन सोडला तर मला एकाचंही नाव सांगता आलं नाही, आणि नालंदा म्हणे आपलं!) पण आत बसून शिकवणार कोण? जाणते तुरुंगात, नाही तर छावण्यांत संपलेले. म्हणून पोरं इथं ड्रेपुंग गोमांग मठात येतात. नातं जुनंच आहे. ल्हासाजवळच्या मूळ गोमांगमध्ये काल्मिक, बुर्यात (सायबेरियातले बौद्ध), मंगोल शिकायला जायचे. अग्वान दोर्जिएव हे बुर्यात विद्वान तिथलेच. सेंट पीटर्सबर्गचं बौद्ध मंदिर त्यांनी उभारलं आणि १९३८ मध्ये ते कैदेत वारले. पुढं तिबेट सोडून आलेल्या भिक्खूंनी गोमांग कर्नाटकातल्या या रानात पुन्हा वसवलं.

पोराला किरकोळ प्लसचा नंबर निघाला, थोडा सिलिंडर, म्हणजे तिरकसपणाचा नंबर. त्याचा प्रश्न एकच. "डॉक्टरजी, आँखें बीस साल चलेंगी ना?" मठातल्या शिक्षणाच्या गेशे या मोठ्या पदवीला तेवढी वर्षं सहज जातात. डोळ्यांची वॉरंटी मागणारा पेशंट मला पहिल्यांदाच भेटला. चालतील म्हटलं, पण आज रात्री पोथी वाचायची नाही, अक्षर दिसणार नाही.

"पाठ है," तो म्हणाला.

संध्याकाळी मठाच्या अंगणात वादविवाद चालतो, तो बघायला थांबलो. उत्तर देणारा मांडी घालून बसतो. प्रश्न करणारा उभा राहून पाय आपटतो आणि त्याच्या अगदी तोंडासमोर टाळी हाणतो. कुस्तीच्या फडासारखा गलका. आमचा पेशंट ताणलेल्या बाहुल्यांनी दिव्याकडे डोळे किलकिले करत उत्तरं देत होता, आणि समोरचा काही त्याला सोडत नव्हता.

निघताना तो गाडीपाशी पळत आला. चष्म्याला मागून दोरी हवी, म्हणाला, नाही तर टाळीत उडून जाईल. ऑप्टोमेट्रिस्टनं ऑर्डरवर तसं लिहून घेतलं.