तुम्ही विचारलंत म्हणून: तो आकडा खरा आहे का?

खरा आहे. आधी तेवढं सांगून टाकते, म्हणजे ज्यांना तेवढंच हवं होतं त्यांची सुटका.

'अमेरिकेत मुलं सगळ्यात जास्त कशानं मरतात? बंदुकीनं.' हे वाक्य २०२२ पासून फिरतंय, आणि मी मृत्यूदाखल्यांच्या नोंदींवर काम करते म्हणून ते फिरत फिरत माझ्याकडे येतं. सांगलीहून बाबा विचारतात. गणपतीत महाप्रसादाच्या रांगेत कुणीतरी विचारतंच. इथले ओळखीचे गोरे लोक विचारतात तेव्हा त्यांना आकडा नको असतो, मी कुठल्या गोटातली ते हवं असतं. "खरं का गं ते?" मी हो म्हणते, आणि दरवेळी माझ्या लक्षात येतं की समोरच्यानं भलतंच काहीतरी ऐकलंय.

बाबांना शाळा ऐकू येते. त्यांनी सँडी हूकच्या शाळेत गोळीबारात गेलेली वीस मुलं टीव्हीवर पाहिली, दहा वर्षांनी युवाल्डीच्या शाळेतली एकोणीस पाहिली. नातू दप्तर घेऊन निघाला असेल या कल्पनेनं सांगलीत त्यांच्या पोटात गोळा येतो. त्याच २०२२ सालात अमेरिकेत १ ते १७ वयाची २,५२६ मुलं गोळीनं गेली. युवाल्डीची १९ त्यात धरलेलीच आहेत. बाकीची रस्त्यावर गेली, गाडीत गेली, कुणाच्या अंगणात गेली, घरात गेली. हे सांगितलं की बाबा म्हणतात, "म्हणजे शाळेचं तसं काही नाही ना?" मी म्हणते, नाही बाबा. घराबद्दल विचारायचं त्यांना सुचत नाही आणि मी सुचवत नाही.

इथल्या मराठी मंडळातल्या लोकांना आणखी वेगळं ऐकू येतं. ते मान हलवतात आणि म्हणतात, "पण ते त्या भागातलं गं." त्या भागातलं म्हणजे काळ्यांच्या वस्तीतलं, हे कुणी उच्चारत नाही. २०२१ मध्ये गोळीनं गेलेल्या अठराच्या आतल्या मुलांत ४६ टक्के कृष्णवर्णीय होती, आणि देशातल्या त्या वयाच्या मुलांत त्यांचं प्रमाण १४ टक्के. म्हणजे मंडळी अगदीच हवेत बोलत नाहीत. मला राग येतो तो त्या वाक्यानंतर सुटणाऱ्या निःश्वासाचा. मीही कोलंबस शहरात घर घेताना शाळेचं रेटिंग बघितलं, आणि त्या रेटिंगच्या आड काय काय बघितलं जातं ते मला पक्कं माहीत होतं. तेव्हा रागवायचा अधिकार किती, ते मी स्वतःला विचारत नाही.

आता आकड्याचं. यावरून मला तोंडावर खोटारडी म्हटलेलं आहे, म्हणून जरा सविस्तर.

हे वाक्य ज्यावरून निघालं ते न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमधलं मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांचं पत्र, आकडे २०२० चे, वय १ ते १९. एका टोकानं तान्ही बाळं वगळलेली, दुसऱ्या टोकानं अठरा-एकोणीसचे घेतलेले. तान्ही वगळण्याला कारण आहे: पहिल्या वर्षातले बरेचसे मृत्यू जन्मजात दोषांचे, अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणांचे, ते मिळवले तर बाकी सगळं त्याखाली दडपून जातं. आणि नोंदी बघताना १५ ते १९ असा सरळ एक गट धरायची पद्धत जुनी आहे. यात लबाडी नाही. पण 'मुलं' म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे दुधाचे दात येतात, आणि एक ते चार या वयात पहिलं कारण पाण्यात बुडणं हे आहे. बंदुकीनं झालेल्या मृत्यूंच्या ओळी भराभर वाढतात त्या मिसरूड फुटायच्या वयात.

हे मला माहीत होतं. तरी २०२२ च्या शरदात एका वाचनालयात बोलायला बोलावलं तेव्हा मी '२०२० मध्ये ४,३०० हून जास्त मुलं' एवढंच म्हणाले. मागच्या खुर्चीवरचा एक म्हातारा उठला. टोपी हातात धरून, अगदी सभ्यपणे त्यानं विचारलं, एकोणीस वर्षांचा पोरगा मत देतो, सैन्यात जातो, तिथे सरकारच त्याच्या हातात रायफल देतं, तो तुमच्या हिशेबात मूल कसा? मी म्हणाले, "तो कुणाचं तरी मूल असतोच." टाळ्या पडल्या. म्हातारा बसला.

खरं उत्तर माझ्या हातातल्या कागदावर होतं: अठरा-एकोणीसचे काढून टाकले तरी २०२० पासून पहिला क्रमांक बंदुकीचाच राहतो. पण ते द्यायचं तर आधी म्हणावं लागलं असतं की आजोबा, तुमचा प्रश्न बरोबर आहे. टाळ्या सोप्या पडल्या. त्या वेळची मी आज समोर आली तर म्हणेल, अगं, लोक आकड्यानं हलत नाहीत, वाक्यानं हलतात. यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही. मात्र तो म्हातारा पुन्हा कधी अशा कार्यक्रमाला गेला नसेल, याची मला जवळजवळ खात्री आहे.

दुसरीही एक गोष्ट मी तेव्हा गाळत असे. बंदुकीआधी पहिला क्रमांक मोटार-अपघातांचा होता; तो खाली घसरला त्यात मोटारींचंही श्रेय आहे: पट्टे, एअरबॅग, बाळांच्या खुर्च्या, नव्या पोरांना टप्प्याटप्प्यानं लायसन्स. एक रेघ खाली आली, दुसरी वर गेली, आणि दोघी एकमेकींना छेदून गेल्या. हे सांगितलं की वाक्याची धार जाते. खरं तर जाऊ नये. कुणाची गाडी काढून न घेता ती रेघ खाली आणली, हाच तर मुद्दा आहे. आणि जे लोक मला 'तुमचे आकडे शिजवलेले' म्हणतात त्यांना हेही ऐकवावंसं वाटतं, की १९९६ मध्ये त्यांच्याच बाजूच्या खासदारांनी सीडीसीच्या, म्हणजे अमेरिकी सरकारच्या रोगनियंत्रण संस्थेच्या, पैशानं बंदूक-नियंत्रणाचा पुरस्कार करायला बंदी घातली आणि या संशोधनावर खर्च होत असे तेवढे २६ लाख डॉलर तिच्या अंदाजपत्रकातून काढले. त्यानंतर वीसेक वर्षं तिथे या विषयाला कुणी हात लावायला धजेना. मोजू द्यायचं नाही आणि मग म्हणायचं, नीट मोजलेलं नाही.

असो. दिवाळीबद्दल सांगायचं आहे.

२०२३ ची दिवाळी, एका मित्राकडे. पुण्यात एका वर्गात होतो आम्ही, इथे वीस मिनिटांच्या अंतरावर राहतो, त्याचा मुलगा तेव्हा चौदाचा, माझा अकराचा. चाळीसेक माणसं. जेवताना विषय निघाला, कुणीतरी ते वाक्य टाकलं, सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, मी हो म्हणाले. आता मी त्याबरोबर वयोगटही सांगते, पण हातात पुरणपोळीची ताटली असताना कोण ऐकतं.

निघायच्या वेळी मुलाचं जॅकेट आणायला वर गेले. आपल्याकडच्या पार्ट्यांत सगळ्यांचे कोट यजमानांच्या पलंगावर टाकलेले असतात, तसा ढीग होता. मी ओढलं तर अर्धा ढीग घसरून खाली आला. उचलायला वाकले. पलंगाशेजारच्या टेबलाचा खण बोटभर उघडा होता आणि कोटाची बाही त्यात अडकली होती, म्हणून मी तो ओढला. आत विक्सची डबी, चष्म्याचं घर, तुळजापूरच्या कुंकवाची पुडी, आणि घडी घातलेल्या हातरुमालावर पिस्तूल. मला वाटलं होतं त्यापेक्षा लहान. चकाकी अजिबात नाही. शेजारच्या खोलीत मुलं व्हिडिओ गेमवर ओरडत होती. मधे एक भिंत, आणि दार उघडं.

मी हात लावला नाही. इतकी वर्षं गोळीनं गेलेल्यांच्या ओळी मोजते, आणि समोरचं पिस्तूल भरलेलं की रिकामं हे मला बघून कळेना.

त्याला गॅरेजमध्ये गाठलं. तो तिथल्या फ्रिजमधून कोकचे डबे काढत होता. मी विचारलं, भरलेलं आहे?

"मग? रिकामं ठेवून चोराला काय थांब म्हणू?" तो चिडला नाही, हसलाच. २०२० मध्ये घेतलं म्हणाला. तेव्हा कितीतरी लोकांनी आयुष्यात पहिल्यांदा घेतलं. त्यांच्या गल्लीत दोन घरं फुटली होती, तो महिन्यातून आठवडाभर बाहेरगावी, बायको एकटी. मुलाला सांगून ठेवलंय, हात लावायचा नाही. आणि मग म्हणाला, "तूच सांग ना, तू तर तज्ज्ञ. चुकून उडून किती मुलं मरतात?"

मी सांगितलं. खोटं कसं सांगणार? २०२१ मध्ये अठराच्या आतले २,५९० मृत्यू, त्यातले अपघाती ५ टक्के.

तो इंजिनिअर आहे. तिथेच डबे हातात धरून त्यानं हिशेब केला. "म्हणजे सव्वाशे-दीडशे. पोरं किती आहेत देशात? सात कोटींच्या वर. म्हणजे पाच लाखांत एक. अगं, आमच्या सोसायटीचा स्विमिंग पूल बंद कर आधी."

मी म्हणाले, तो आकडा कमी नोंदला जातो. पाच वर्षांच्या भावानं तीन वर्षांच्या बहिणीवर गोळी झाडली तर कित्येक कॉरोनर, म्हणजे मृत्यूचं कारण ठरवणारे अधिकारी, 'हत्या' लिहितात, कारण त्यांच्या भाषेत हत्या म्हणजे दुसऱ्याच्या हातून आलेला मृत्यू, मग तो हात पाच वर्षांचा का असेना. न्यूयॉर्क टाइम्सनं २०१३ मध्ये काही राज्यांतल्या नोंदी तपासल्या तेव्हा असे अपघात सरकारी आकड्याच्या साधारण दुप्पट निघाले होते. "बघ," तो म्हणाला, "जमला नाही की आकडाच चुकीचा." आणि दुप्पट करून पुन्हा हिशेब केला. तरी अडीच लाखांत एक.

त्याचा हिशेब बरोबर होता. मला बोलायचं होतं ते त्या पाच टक्क्यांबद्दल नव्हतंच. साठ टक्के हत्या, पाच टक्के अपघात, आणि मधले ३२ टक्के मी बोललेच नव्हते. ३२ टक्के आत्महत्या. बंदुकीनं केलेल्या प्रयत्नात बहुतेक वेळा दुसरी संधी मिळत नाही. त्यातली बरीच मुलं वाढत्या वयातली, चांगल्या वस्तीतली, चांगल्या रेटिंगच्या शाळेतली, आणि बंदूक बहुधा घरातलीच, आईची नाहीतर बापाची. आणि चौदा वर्षांचा त्याचा मुलगा त्या संध्याकाळी जिन्याच्या खालच्या पायरीवर कानात हेडफोन घालून बसलेला मी दोनदा पाहिला होता. त्याची आई स्वयंपाकघरात म्हणाली होती, हल्ली जेवतच नाही धड.

यात काही नसेल. चौदा वर्षांची पोरं अशीच असतात. पण लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, उंबऱ्यावर पणत्या लावलेल्या घरात, त्यात मित्राची आई भारतातून आलेली असताना, त्याच्या मुलाचं नाव आणि तो शब्द एका वाक्यात कसे घ्यायचे? आमच्या आजीनं शिकवलंय, तिन्हीसांजेला अभद्र बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते. मी संख्याशास्त्रात पदवी घेतलेली बाई, आणि मला खरोखर वाटलं की मी बोलले तर ते लागेल.

मी म्हणाले, "निदान कुलपात तरी ठेव." तो म्हणाला, "बघू."

घरी येऊन मी त्याला बोटांच्या ठशानं उघडणाऱ्या लहान तिजोरीची लिंक पाठवली. त्यानं अंगठ्याचा इमोजी पाठवला. घेतली का, ते मी विचारलेलं नाही. पुढचे कित्येक महिने माझ्या मुलाला त्यांच्याकडे राहायला बोलावलं की सॉकर आहे, सर्दी आहे, असं काहीबाही सांगितलं. त्याच्या बायकोला काय कळायचं ते कळलं असावं; आता ती बोलवत नाही. नवरा म्हणतो, तू सरळ सांगायला हवं होतंस. मी म्हणते, तू सांग मग. तोही सांगत नाही. इथले बालरोगतज्ज्ञ तर सांगतात की मूल कुणाकडे खेळायला पाठवण्याआधी विचारा, घरात बंदूक आहे का आणि कुलूपबंद आहे का. वाक्य सोपं आहे. मी ते गोऱ्या शेजारणीला न अडखळता विचारू शकते. मराठीत विचारायला गेले की ते कुणाच्या संसारावर संशय घेतल्यासारखं ऐकू येतं.

काही झालं नाही, हेही सांगायला हवं. तो मुलगा ठणठणीत आहे. म्हणजे मित्राच्या हिशेबानं तो बरोबर ठरला, आणि माझ्या हिशेबानंही तोच ठरण्याची शक्यता पहिल्यापासून जास्त होती. दुर्मीळ गोष्ट दुर्मीळच असते. मग मी कशासाठी तोडलं? कधी वाटतं, भित्रेपणा. कधी वाटतं, तोडलं ते ठीक, न बोलता तोडलं ते चूक.

गेल्या ऑगस्टमध्ये ढोलपथकाच्या सरावाहून मित्राचा तोच मुलगा माझ्या मुलाला घरी सोडायला आला. सोळाचा झालाय, नवं लायसन्स, बापाची जुनी होंडा. "मावशी, कशी आहेस?" म्हणाला, उभ्या उभ्या तीन चकल्या खाल्ल्या, चौथी हातात घेतली. मी त्याच्याकडे बघत राहिले आणि विचारायचं ते विचारलं नाही. तो गाडी मागे घ्यायला लागला तेव्हा मात्र दारातून ओरडले, "बेल्ट लाव रे!"

त्यानं लावलेलाच होता.