झोळीचा कोन

पहिल्यांदा हॅमॉक, म्हणजे दोन झाडांमधे टांगायची कापडी झोळी, बांधला तो कपडे वाळत घालायच्या नायलॉनच्या दोरीनं. रात्री अकराला जमिनीपासून चांगला दीड फूट वर झोपलो होतो आणि पहाटे बूड गारठून जाग आली तर मी गवतावर. दोरी तुटली नव्हती, गाठ सुटली नव्हती, नायलॉन नुसतं ताणत ताणत मला खाली घेऊन आलं होतं, वर दव पडलेलं म्हणजे अजूनच.

तिथनं नाद लागला. पॉलिस्टरचे रुंद पट्टे घेतले, कारण ते नायलॉनएवढे ताणत नाहीत आणि झाडाची सालही बारीक दोरीसारखी कापत नाहीत. मग पट्टा आणि हॅमॉक यांच्या मधे लावायला, लांबी कमीजास्त करता येणारी व्हूपी स्लिंग घेतली. ही डायनिमाची, म्हणजे एका मजबूत प्लास्टिकच्या धाग्याची दोरी, आतनं पोकळ विणलेली, तिचंच एक टोक तिच्याच पोटातनं ओवलेलं, नेफ्यात नाडी असते ना तसं. बाहेरचं टोक ओढलं की लांबी कमी होते, पण वजन पडलं की बाहेरची वीण आवळते आणि आतली दोरी जागच्या जागी धरून ठेवते. गाठ मारायची भानगडच नाही, आणि डायनिमा इतकं गुळगुळीत असतं की साधी गाठ तशीही त्यात टिकत नाही. मी आठवडाभर हॉलमध्ये ती ओढून सोडून बघत बसलो होतो, घरच्यांनी बोलायचं सोडून दिलं.

डिसेंबरात मामाकडं गेलो, बामणोलीच्या अलीकडं. साताऱ्यातनं जाताना कासचं पठार लागतं, तिथं थांबलो पण हॅमॉकवाल्याला त्या सड्यावर काही कामच नाही, जांभ्या दगडावर वीतभर माती, फुलं येतात म्हणून २०१२ ला युनेस्कोच्या यादीत गेलं खरं पण बांधायला झाड नको का.

मामाच्या परड्यात मात्र आंबा आणि जांभूळ, मस्त जाड बुंध्यांचे. अंतर बघितलं तर जेमतेम दहा फूट. आणि इथं आमची महागडी स्लिंग आडवी आली, कारण पोटातल्या ओवणीमुळं ती एका मापाखाली आखडतच नाही. सगळं ओढून झालं तरी हॅमॉक जमिनीला टेकलेला. शेवटी स्लिंग पिशवीत टाकली आणि पट्टे थेट बकलात घालून बांधले, आणि परत जमिनीला लागायला नको म्हणून जीव खाऊन ताणले, तारेसारखे.

आजी ओट्यावरनं बघत होती. "काय रं, त्याच्यावर धुणं वाळत घालणार हायस का?"

मी तिला दोरीचा कोन समजावला, आडव्या रेघेपासून ३० अंशाचा. खरं तर माहीत होतं मला सगळं, हाताची बंदूक करायची, तर्जनी आडवी धरायची, तिच्या टोकापासून अंगठ्याच्या टोकापर्यंत जी तिरकी रेघ होते साधारण तशी दोरी यायला पाहिजे. त्या कोनात माझं ७६ किलो वजन असेल तर प्रत्येक बाजूच्या पट्ट्यावर ७६ किलोचाच ताण येतो. १० अंशावर आणलं की तोच ताण एकेका बाजूला दोनशे किलोच्या पुढं जातो. (म्हणून गच्चीच्या कठड्याला हॅमॉक बांधू नका राव, वीटकाम असल्या आडव्या ओढीला केलेलं नसतं.) एवढं पाठ असून हात मात्र ताणतच होते, कारण सरळ दिसलं की पक्कं बांधलंय असं वाटतं.

"तुला ह्याच जांभळाला लुगड्याच्या झोळीत टांगला हुता," आजी म्हणाली, "तवा कुनी कोन बघितला न्हवता. सैल सोड की."

सोडलं. पट्टे झाडावर डोक्याच्या वर सरकवले, मधे पोट पडू दिलं, आणि खुर्चीच्या उंचीवर बरोब्बर बसता आलं. सरळ लांब न पडता जरा तिरकं झोपलं की पाठ सपाट होते, हे ढिल्या झोळीतच जमतं, ताणलेल्यात दोन्ही कडा येऊन खांदे आवळतात.

थंडी मात्र खालनं येते. स्लीपिंग बॅग अंगाखाली दबली की तिच्यातली हवा जाते, मग ती पांघरूण म्हणून पाठीला काही उपयोगाची नाही. मामीनं वाकळ दिली, ती बाहेरनं हॅमॉकच्या खाली झोळीसारखी अडकवली, दबायला नको म्हणून. ह्याच कामाची वेगळी रजई विकत मिळते आणि तिची किंमत मी मामीला सांगितली नाही.

सकाळी तोंड धुऊन आलो तर हॅमॉकात मामा. दूध काढून आलेला, पाय चिखलाचे, टोपी तोंडावर. मी चहाचा कप घेऊन उभा.

"पायाकडची बाजू जरा वर घे," टोपीखालनं आवाज आला.

मामाला उठवलं, बकलातनं पट्टा एक वीत ओढला, परत निजवला. माझ्या ॲडजस्टेबल सिस्टीमचा पहिला खरा उपयोग झाला तो हा, आणि चहा मामानं तिथंच झोपून घेतला.